धूर कधी येतो?

गाडीच्या मागून निळा धूर निघाला की बहुतेक गॅरेजांत निकाल आधीच ठरलेला असतो: रिंग गेल्या, इंजिन खोलावं लागेल. कामठी रस्त्यावरच्या एका लहान गॅरेजात मात्र मी वेगळंच पाहिलं. एक माणूस सुरू गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. सायलेन्सरसमोर जुना पांढरा रुमाल धरून तो नुसता पाहत होता. हातात पाना नव्हता, बॉनेटही उघडलेलं नव्हतं. इतक्या स्वस्थपणे मेकॅनिकला बसलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी पुन्हा तिथे गेलो.

सगळे त्याला उस्ताद म्हणतात. समोर होती एमएच-३१ पासिंगची, कार्बोरेटरवाली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, सहा वाल्व. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी ज्यांच्याकडे ती आहे ते तिला सहजी सोडत नाहीत. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी सांगितलेला आकडा साधा होता: हजार किलोमीटरला एक लिटर. एवढं ऑइल वरून घालावं लागतं. आधीच्या एका गॅरेजने इंजिन बांधायचा खर्च सांगितला होता, आणि तेवढ्यात तशीच दुसरी जुनी गाडी आली असती.

“किती धूर मारते ते राहू द्या, मॅडम,” उस्ताद म्हणाले. “कव्हा मारते ते सांगा.”

“सकाळी पहिल्यांदा सुरू केली की. मग थांबतो.” बाईंनी जरा आठवलं. “आणि रामटेकच्या गडावरून उतरताना. खाली येऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे ढगच.”

“चढताना?”

“चढताना नाही.”

माझ्या मते अर्धं निदान तिथेच झालं. चढावर इंजिनावर जोर असतो. रिंग किंवा बोअर झिजलेले असतील तर ऑइल तेव्हा वर चढून जळतं आणि धूर चढावरच दिसतो. उताराचा प्रकार वेगळा. गाडी गिअरमध्ये असते, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, हवेची वाट जवळपास बंद होते आणि इंजिन आत जोरात ओढ घेतं. ही ओढ वाल्वच्या दांड्यावरून, कडक झालेल्या सीलमधून ऑइल खेचते. पायथ्याशी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की साचलेलं सगळं एकदम जळतं. सकाळचा धूरही त्याच घरचा, कारण रात्रभर हेडमधलं ऑइल थेंबाथेंबाने खाली झिरपलेलं असतं.

सील म्हणजे बोटाच्या टोकाएवढा रबरी तुकडा. वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये राहून रबर कडक होतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि ही गाडी उघड्यावर उभी असते.

रुमालावर बारीक तेलकट ठिपके उमटले होते. उस्तादांनी तो नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. जळक्या ऑइलचा वास घशात बसतो, तिथून लवकर निघत नाही. घरी आल्यावरही तो मला शर्टाला येत होता. पेट्रोल जास्त जळत असेल तर धूर काळा येतो आणि वास पेट्रोलचा. कूलंट आत येत असेल तर पांढरा धूर आणि काहीसा गोड वास. उस्ताद हे सगळं नाकाने वेगळं करतात. पीयूसीच्या यंत्रात ही सोय नाही. पेट्रोल गाडीची ती तपासणी गरम, संथ चालणाऱ्या इंजिनावर होते, आणि सकाळचा धूर तोवर विरून गेलेला असतो.

ब्रीदरची नळी तुंबलेली नव्हती. मग इंजिन गरम करून प्लग काढले, कम्प्रेशनचं मीटर लावलं. आकडे आले १५५, १५०, १५५. मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा जेमतेम हलला. रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा चांगलाच वर गेला असता. मी खूश झालो, पण उस्तादांनी मला अडवलं. “मीटर वरच्या दोन रिंगांचं बोलते, भाऊ. ऑइल पुसणारी तिसरी असते, तिचं ते काही सांगत नाही.” ऑइल वेळेवर न बदलल्याने त्या तिसऱ्या रिंगेत कार्बन बसतो, ती अडकते, आणि कम्प्रेशन उत्तम असूनही गाडी ऑइल खाते. म्हणून मीटर हाताशी असूनही ते चढावरचा प्रश्न विचारतात.

हेड उतरवलं. सील वाळलेल्या चिंचोक्यासारखे कडक झाले होते, नखाने दाबले तर तुटत होते. बोअरच्या भिंतीवरच्या होनिंगच्या तिरप्या रेघा मात्र अजून दिसत होत्या. खालचं काहीच उघडावं लागलं नाही. नवे सील, हेडचं नवं गॅस्केट, वाल्व घासून बसवणं, एवढ्यावर काम झालं.

बिलात सामान आणि मजुरी होती. त्या तासाभराच्या विचारपुशीचे पैसे त्यात नव्हते, आणि हे मला खटकतं. आपण इंजिन खोलण्याचे पैसे देतो, न खोलण्याचे कुणी देत नाही. मग इंजिनं खोलली जातात, नाहीतर घट्ट ऑइल किंवा कसलीशी बाटली ओतून धूर झाकला जातो.

त्याच दिवशी एक ओम्नी आली, शाळेच्या मुलांची. इंजिन तसंच, ७९६ सीसीचंच. धूर मात्र पुलावर चढताना यायचा. ऑइलचं झाकण काढल्यावर तिथूनही वाफा. कम्प्रेशन ९०, चमचाभर ऑइलनंतर १३०. मागच्या उन्हाळ्यात रेडिएटर उकळला होता आणि गाडी तशीच घरापर्यंत चालवली, असं चालकाने विचारल्यावर सांगितलं. इतकं तापलं की रिंगांचा ताण जातो. उस्तादांनी त्याला आशा दाखवली नाही. “हिचं खोलावंच लागते.”

बाईंना त्यांनी दर पाचशे किलोमीटरला, सकाळी, सपाट जागी उभ्या गाडीची ऑइलची पट्टी पाहून वहीत टिपायला सांगितलं. हजार किलोमीटरला एक लिटर लागणाऱ्या त्या गाडीत पुढच्या हजारात वरून काहीच घालावं लागलं नाही. ओम्नीचा ब्लॉक तेव्हा बोअरिंगसाठी लेथवाल्याकडे होता. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि चालकाला त्याआधी गाडी हवी होती.