छायाचित्रातील फेरफार
छायाचित्र घेतल्यानंतर त्यातील प्रतिमेत हेतुपुरस्सर केलेला बदल. ही प्रथा जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ऑस्कर रेयलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक व्यस्त प्रती जोडून ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र सिद्ध केले. सोव्हिएट रशियात निकोलाय येझोव्ह यांना १९४० मध्ये देहदंड झाल्यावर स्टालिन यांच्या शेजारील त्यांची आकृती छायाचित्रातून पुसण्यात आली. १९९० मध्ये फोटोशॉप ही संगणकीय आज्ञावली आली व अंधाऱ्या खोलीतील हे काम पडद्यावर होऊ लागले. या सर्व पद्धतींत आधाराला मूळ छायाचित्र असते. ते उपलब्ध झाल्यास फेरफार सिद्ध करता येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विसरण पद्धतीत मात्र असंख्य चित्रांवरून शिकलेले प्रारूप विस्कळित ठिपक्यांतून टप्प्याटप्प्याने नवीन प्रतिमा घडविते. तीत भिंगातून आलेला प्रकाश नसतो व तुलनेस मूळ प्रतही नसते. बोरिस एल्डाग्सेन यांनी अशाच चित्रास २०२३ मध्ये मिळालेले सोनी जागतिक छायाचित्रण पारितोषिक नाकारले. परिणामी, खोटे उघड करण्याइतकेच खऱ्याचे मूळ सिद्ध करणे आवश्यक ठरले आहे. त्यासाठी काही कॅमेरे चित्र टिपतानाच त्यात सांकेतिक स्वाक्षरी नोंदवितात.