बसऱ्याहून खुशाली

१९१६ साली, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत-अल-अमारा या गावावर विमानांतून जात्याचे दगड टाकण्यात आले. तैग्रिस नदीने तीन बाजूंनी वेढलेलं हे मातीच्या घरांचं गाव, चौथ्या बाजूला तुर्की खंदक. आत अडकलेल्या इंग्रजांच्या हिंदी फौजेकडे जव होते, पण ते दळायला पुरेशी जाती नव्हती. मग एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पिठाची पोतीही पडू लागली. त्यातली काही नदीत गेली, काही शत्रूच्या हद्दीत. वेढ्यातल्या सैन्याला हवाई मार्गाने रसद पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. सगळं मिळून सात-साडेसात टन धान्य आत पडलं असेल. हजारो तोंडांना ते किती पुरणार?

आत अडकलेल्या डिव्हिजनचं नाव होतं सहावी, म्हणजेच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतली शेतकऱ्यांची पोरं त्यांत होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा तिच्या हाती आलं. पुढच्या एप्रिलात शैबाची लढाई झाली, सप्टेंबरात कूत पडलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण शिमल्यात बसलेल्या वरिष्ठांना बगदाद दिसू लागलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला, बगदादपासून दिवसभराच्या मजलेवर, जनरल टाउनशेंडची फौज अडली आणि जखमी होऊन मागे फिरली. ७ डिसेंबरला कूतला वेढा पडला. तो १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांतली बहुसंख्य हिंदी होती.

अन्न संपत आलं तसे घोडे कापले जाऊ लागले. गोरे शिपाई ते मांस खात. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. पुढे रक्तपितीने हिरड्या सुजल्या, माणसं पहाऱ्यावर उभी असतानाच कोसळू लागली. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या. तरीही अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत अनेकांनी घोड्याला तोंड लावलं नाही. इंग्रज लेखकांनी याला अंधश्रद्धा म्हटलं आहे. मला वाटतं, त्या पोरांच्या डोळ्यांसमोर धर्मगुरू नव्हता, भावकी होती. परत गेल्यावर पंगतीत बसवतील का, बहिणीचं लग्न ठरेल का, या प्रश्नांना तारेने उत्तर मिळत नाही.

हे सगळं चालू असताना ज्या गावांतून ही माणसं गेली होती, तिथे काय कळत होतं?

वर्तमानपत्रांत लढाईच्या बातम्यांना तोटा नव्हता. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १९०४ पासून रोज निघत होता. 'केसरी'चा साप्ताहिक अंक गावोगाव जात होता. मुंबईत अच्युत बळवंत कोल्हटकरांनी १९१५ साली 'संदेश' दैनिक काढलं आणि बातमीला चावडीवरच्या गप्पांची चव आणली. पण बातमीची विहीर एकच होती. मजकूर रॉयटरच्या तारेने लंडनहून यायचा, नाहीतर सरकारी पत्रक म्हणून शिमला-दिल्लीहून. तार येईपर्यंत ती दोन-तीन हातांखालून गेलेली असे. वर १९१० चा प्रेस कायदा होता, १९१५ पासून भारत संरक्षण कायदाही आला. जामीन जप्त होण्याची तलवार डोक्यावर असलेल्या संपादकाने सरकारी तारेपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं म्हणजे छापखान्याला कुलूप लावण्याची तयारी ठेवायची. साहजिकच वाचकाला गावांची नावं, सेनापतींची नावं आणि आगेकूच कळत असे. आगेकुचीत कुणाचा पाय गेला ते कळत नसे.

मेसोपोटेमियातून लिहिणारा एक बातमीदार मात्र मुद्दाम आठवावा असा आहे. एडमंड कँडलर हा हिंदुस्थानात बरीच वर्षं काढलेला माणूस, पतियाळाच्या कॉलेजचा प्राचार्य. १९०४ च्या तिबेट मोहिमेत 'डेली मेल'साठी लिहिताना त्याने आपला डावा हात गमावला होता. कूत सोडवायला निघालेल्या फौजेबरोबर तो सरकारमान्य प्रतिनिधी म्हणून गेला. त्याने पाहिलं पुष्कळ: चिखल, पूर, खंदकांवर सरळ चालून जाणाऱ्या रांगा. कूत सोडवण्याच्या या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा घायाळ झाली, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. सेन्सॉरने त्यातलं किती दाबलं याची तक्रार कँडलरने १९१९ च्या आपल्या पुस्तकात केली, पण तोवर लढाई संपली होती. बातमीदार आघाडीवर असणं आणि बातमी घरी पोचणं यांत केवढं अंतर असू शकतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

टेसिफोनच्या जखमींची गोष्ट तर याहून वाईट. त्यांना बसऱ्याला आणायला पुरेशा इस्पितळ-बोटी नव्हत्या. उघड्या पडावांवर, जनावरं आणि रसद वाहून नेणाऱ्या त्याच बोटींवर माणसं दाटीवाटीने टाकली गेली. मलमपट्टी नाही, आडोसा नाही, जुलाबाने हैराण झालेल्यांना उठून बाजूला जायची ताकद नाही. बसऱ्याला उभ्या असलेल्या 'वरेला' या इस्पितळ-जहाजावरच्या मेजर कार्टरने 'मेजिदिये' ही बोट येताना पाहिली. तिच्या कडांवरून काय लोंबत होतं ते इथे लिहीत नाही. दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात. कार्टरने तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. त्याच सुमारास वर गेलेल्या सरकारी तारेत मात्र जखमींची व्यवस्था उत्तम पार पडल्याचं म्हटलं होतं! पुढे चौकशी आयोग बसला. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे खरी बातमी छापून यायला दीड वर्ष लागलं, तीही पार्लमेंटच्या दरवाजातून आली.

शिपायाची स्वतःची बातमी म्हणजे पत्र. लष्करी टपालासाठी हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'आय. ई. एफ.' अशी अक्षरं छापलेली असत. आय. ई. एफ. 'ए' म्हणजे फ्रान्स, 'डी' म्हणजे मेसोपोटेमिया. मुलगा कुठे आहे हे घरच्यांना या एका अक्षरावरून ओळखावं लागे, कारण ठिकाणाचं नाव लिहायला मनाई होती. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला एखादा शिकलेला नाईक किंवा कारकून सांगेल तसं लिहून देई. गावात ते पत्र मास्तर, कुलकर्णी किंवा पोस्टमन वाचून दाखवी, ओसरीवर, चार माणसांत. त्यामुळे लिहिणाऱ्यालाही खाजगी काही सांगता येत नसे आणि ऐकणारीलाही विचारता येत नसे. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, थोरांस नमस्कार, बैलाचं काय झालं, खंडाचे पैसे दिले का, मनीऑर्डर पोचली का. पत्रांत लढाई क्वचितच येई. शेत मात्र हमखास येई.

फ्रान्सला गेलेल्या फौजेच्या पत्रांवर वेगळी नजर होती. मराठा पलटणी तिकडे नव्हत्या, पण खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या आणि त्यांत मराठी जवान होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांनी ४७ व्या शिखांबरोबर न्यूव्ह शापेल गावात घराघरातून हातघाईची लढाई केली. ते गाव टिकवता आलं नाही. सॅपर्सचे सगळे इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले. या फौजेची पत्रं तपासायला हिंदी टपालाचं सेन्सॉर खातं बसवलेलं होतं. त्याचा पहिला प्रमुख एव्हलिन हॉवेल, मूळचा सनदी अधिकारी. हा माणूस पत्रं नुसती कापत नव्हता, त्यांचे उतारे भाषांतरित करून साप्ताहिक अहवाल वर पाठवत होता. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते अहवाल आहेत. ज्यांनी पत्रं उघडली त्यांच्यामुळेच शिपायांचे शब्द टिकले. घरी पोचलेली मूळ पत्रं उंदीर-वाळवीने आणि पावसाळ्याने केव्हाच संपवली.

या अहवालांतून कळतं की शिपायाला आपलं पत्र उघडलं जातं हे पक्कं ठाऊक होतं आणि तोही काही कमी नव्हता. एकाने घरी कळवलं की काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, म्हणूनच आपल्यापर्यंत आलं. न कळलेल्या अशा किती मिऱ्या टपालातून निसटून गेल्या असतील! गुप्त अर्थ सगळे पकडता येणार नाहीत हे हॉवेलने स्वतःच मान्य केलं होतं. सरकारने आपल्या बाजूनेही वाचायला दिलं होतं. 'फौजी अखबार' १९०९ साली अलाहाबादहून सुरू झाला होता (आजच्या 'सैनिक समाचार'चा तो पूर्वज). तिकडे बर्लिनजवळच्या वून्सडॉर्फच्या छावणीत जर्मनांनी हिंदी कैद्यांसाठी 'हिंदोस्तान' नावाचं पत्र काढलं. कूतच्या खंदकांत तुर्कांची पत्रकं येऊन पडत: इंग्रजांना सोडा, इकडे या. म्हणजे एकाच शिपायाला दोन्ही बाजू बातम्या पुरवत होत्या आणि त्याच्याकडून बातमी मात्र कुणालाच नको होती.

मग गावाला खरं कुठून कळलं? माझं मत असं की ते मुंबईच्या गोदीतून कळलं. जखमी बसऱ्याहून बोटीने येत. नव्याने बांधलेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत तेव्हा लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती. संग्रहालय म्हणून ती १९२२ साली उघडली. गिरणगावात सातारा-रत्नागिरीचे लोक मुबलक होते. एखाद्या खोलीवाल्याचा चुलतभाऊ इस्पितळात आहे असं कळलं की रविवारी चार जण भेटायला जात आणि गणपती-शिमग्याला गावी गेले की जे ऐकलं ते सांगत. इंग्रज याला 'बाजार गप' म्हणत आणि तिला तारेपेक्षा जास्त भीत. सप्टेंबर १९१४ मध्ये 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या, तेव्हा या गप्पांनी काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. पोस्टाच्या बचत खात्यांतून पैसे काढायला तेव्हा झुंबड उडाली होती. गप्पांत खोटंही भरपूर असे. पण तुटलेला हात घेऊन आलेला माणूस अफवा नसतो. अशा माणसांना हाताला काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीच्या नावाची तांत्रिक शाळा निघाली. ती आज खडकीत आहे.

बोटी बातमीखेरीज आणखीही काही आणत. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या युद्ध परिषदेत टिळकांना बोलू दिलं गेलं नाही आणि ते उठून बाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवशी मुंबईचे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. इन्फ्लुएंझा उतरला होता.

कूतच्या कैद्यांचं काय झालं? त्यांना वाळवंटातून बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनकडे चालवत नेलं. अनेक जण वाटेतच राहिले, उरलेल्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुण्यासारखे राहिले. कैद्यांची आतली हकिकत आपल्याला कळते ती मुख्यतः दोन बंगाली माणसांमुळे. डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी आईला पत्रं लिहीत. देशभक्तीच्या नावाखाली एकाने दुसऱ्याची जमीन बळकवायची, हा धडा इंग्रजांनीच आपल्याला दिला, असं त्यांनी एका पत्रात कडवटपणे लिहिलं. ते मार्च १९१७ मध्ये रास-अल-ऐनला वारले. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, १९२८ साली ती पत्रं घालून 'कल्याण-प्रदीप' हे पुस्तक लिहिलं. दुसरे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी, बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे स्वयंसेवक. त्यांचं 'अभि ले बगदाद' १९५०च्या दशकात आलं. दोघेही शिकल्या घरचे. मराठा पलटणीतल्या शिपायाजवळ ना डायरी होती ना ती छापणारी आजी.

त्याच्या वाट्याला दगड आला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले आणि सरकारने तिथे स्मारक उभारलं. सातारा-कोकणातल्या कितीतरी गावांत तशा शिळा आहेत: या गावातून इतके महायुद्धास गेले, पैकी इतके मेले. फक्त आकडे. आणि दुसऱ्या टोकाला, बसऱ्याला, १९२९ मध्ये उघडलेलं भव्य स्मारक आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते बांधलं. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी हवालदार, नाईक, शिपाई मात्र पलटणीनिहाय संख्येने मोजले. असे तीस हजारांहून अधिक. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते स्मारक शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटरवर, दगड दगड करून हलवण्यात आलं.

नावं मुळीच नाहीत असं नाही. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदवहीत आहेत आणि आता संगणकावर शोधता येतात. पलटण, हुद्दा, तारीख, आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. गावांचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने केलेलं आहे, त्यामुळे आपल्याच तालुक्यातलं गाव ओळखायला दोन-तीनदा मोठ्याने वाचावं लागतं. शिळेवरचा आकडा हाताशी घेऊन एखाद्या गावाने ही यादी जुळवायला घेतली, तर काम अवघड आहे पण अशक्य नाही. शाळेच्या मुलांनाही जमेल. महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या नकाशांचं जुनं पुस्तक आणि गावातला सत्तरी ओलांडलेला एखादा माणूस सोबत असला, तर आडनावावरून वाडी लगेच सापडते.