उरलेला जोर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागिरांचे डावे हात बघावेत. उजव्या तळहाताला घट्टे असतात, पण ते कुठल्याही कष्टाच्या कामात पडतात. डाव्या हाताचं तसं नाही. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक पांढरी रेघ, तर्जनीच्या बाहेरच्या अंगाला दोन-तीन बारीक वण, अंगठ्याचं टोक किंचित चपटं. एकाच्या नखावर उभी भेग आहे. नख कितीही वेळा कापलं तरी ती तशीच उगवते, कारण घाव नखाच्या मुळाशी बसला होता. पटाशी धरतो उजवा हात आणि वण मिरवतो डावा. मी ज्या कारखान्यात बसून काम पाहिलं, तिथं सगळे घरातलेच. थोरले चाचा, त्यांचे दोन मुलगे, पुतण्या आणि जोडीला गल्लीतला एक शिकाऊ पोरगा. पोरगा सोडला तर बाकी सगळ्यांच्या हातांवरचा नकाशा जवळपास सारखाच निघाला.

या गल्लीतल्या धंद्याची सुरुवातच मुळात धारेपासून झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथं तंतुवाद्यं करायला लागलेले फरीदसाहेब शिकलगार होते, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि झिलई देणाऱ्यांपैकी. इंग्रजी अंमलात शस्त्रांचं काम ओसरलं आणि पटवर्धनांच्या संस्थानात गवई-वादकांची वर्दळ होती. पुढं गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये वारले तोवर मिरज हेच त्यांचं घर होतं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणात अजून गाणं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या धार हाच विषय होता, त्यांच्याकडेही बोटं कापतात. तेव्हा ती अडाणीपणानं किंवा निष्काळजीपणानं कापतात हे उत्तर पुरत नाही.

तंबोऱ्याच्या गळ्याशी, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथं जोडली जाते तिथं, लाकडात पानं कोरतात. थोरला मुलगा ते काम करत होता. जमिनीवर गोणपाट, एक पाय उभा, दुसरा आडवा. लाकूड एका बाजूनं भिंतीशी ठेवलेल्या ओंडक्याला टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूनं तळव्यानं दाबलेलं. उजव्या हातात गोल पटाशीची मूठ. डावा हात लाकडावर नव्हता, तो पटाशीच्या पात्यावरच होता, धारेच्या बराच मागं. उजवा हात पुढं ढकलतो, डावा मागं ओढतो. दोघांच्या झगड्यातून पातं केसभर पुढं सरकतं. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या मऊ लाकडात इतका विरोध कशाला? हे तुणीचं लाकूड तसं हलकं, कोरायला सोपं. पण डाव्या हाताचं काम लाकडाला विरोध करण्याचं नसतंच. तो उजव्या हाताच्या जोराला अडवून धरत असतो.

कारण लाकूड सगळीकडे सारखं नसतं. रेषा सरळ चालली असेल तर पातं एका चालीनं जातं. मध्येच रेषा वळते, गाठीच्या अंगानं लाकूड घट्ट होतं, हात नकळत जोर वाढवतो. मग गाठ संपते, लाकडाचा विरोध एका क्षणात गळून पडतो आणि हातात मात्र गाठीसाठी लावलेला जोर तसाच उरलेला असतो. तो पातं घेऊन पुढं जातो. पुढं जे असेल ते कापलं जातं. तिथं डावा हात असेल तर डावा हात. चाचा म्हणाले, “लाकूड अडतं तेव्हा आपण जागे असतो. ते एकदम ऐकतं ना, तेव्हा घात होतो.”

हे एकदा कळल्यावर मला कारखान्यातली बैठक वेगळी दिसू लागली. कुणी कुठं तोंड करून बसायचं, कुठला गुडघा वर, कुठला पाय लांब, काम मांडीवर घ्यायचं की जमिनीवर, या सगळ्यामागं एकच हिशेब होता. हत्यार निसटलं तर ते कुठं जाईल? तासायची वाकस चालवताना घाव दोन पायांच्या मधल्या ओंडक्यावर उतरतो, पायावर नाही. रंधा मारताना ज्याची पाठ कारखान्याच्या वाटेकडे असते, त्याच्या मागून कुणी जात नाही. समोरून फिरून जातात. मांडीवरून पटाशी घरंगळली तर ती झेलायची नाही, मांडी उचलून घ्यायची. शिकाऊ पोराला हे तोंडी सांगितलेलं मी ऐकलं नाही. पोरानं पडणारं किकरं, म्हणजे अरुंद पटाशी, झेलायला हात पुढं केला, तेव्हा चाचांनी त्याच्या मनगटावर पट्टी मारली आणि कुणी मान वर केली नाही.

भोपळ्याचं काम सगळ्यात कठीण. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारा हा कडू भोपळा वाळला की हाडासारखा टणक होतो आणि त्याला एकही सपाट बाजू नसते. करवत टेकवायची कुठं? सुरुवातीला अंगठ्याचं नख करवतीला टेकू म्हणून लावावं लागतं, आणि हाच धोक्याचा क्षण. पाठीवर करवत घसरली की ती टेकूवरच येते. म्हणून पहिले दोन-तीन हात उलटे, आपल्याकडे ओढून मारतात. दात रुततात, खाच पडते, मगच अंगठा बाजूला घेऊन करवत पुढं चालते. दुसरी अडचण शेवटाला. कवचाची जाडी जागोजाग वेगळी आणि आत पोकळ. करवत आरपार गेली की पुढं काहीच नाही, नुसती हवा. भोपळा धरणारा हात पलीकडच्या बाजूला असेल तर करवतीचं टोक त्याच्याकडे जातं. पुतण्याच्या तळहातावर करवतीच्या दातांचे समांतर वण आहेत ते अशाच आरपार गेलेल्या करवतीचे. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून, तोंडात काड्या ताणून आकाराला आणतात. त्यात इजा व्हायला काही जागा नाही. शिकाऊ पोरगा बहुतेक त्याच कामावर असतो.

बोथट हत्यार जास्त कापतं असं सगळेच सुतार सांगतात. खरं आहे, बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि जितका जोर जास्त तितका उरणाराही जास्त. पण या म्हणण्यातली एक अडचण कुणी सांगत नाही. मी पाहिलेली जखम ताज्या धारेची होती. धाकट्या मुलानं धारेच्या दगडावर तेल टाकून पटाशी पाजळली, पलीकडच्या कडेला वळलेला काठ चामड्यावर पुसून काढला आणि पुन्हा कामाला बसला. हाताला सवय होती सकाळच्या बोथट पात्याची, जोर तेवढाच लागला. पातं लोण्यातून गेल्यासारखं गेलं आणि डाव्या तर्जनीत उतरलं. धार बदलली होती, हात बदलायचा राहिला होता. चाचांना हे ठाऊक आहे. ते स्वतः धार लावल्यावर आधी टाकाऊ तुकड्यावर पाच-सात छिलके काढतात. मला वाटलं होतं ते धार तपासतात. ते हात तपासत असतात.

सजावटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर नक्षी कोरून त्यात काळा रंग भरतात. या कामाचा धोका आणखी वेगळा. सेल्युलॉइडसारखा गुळगुळीत पदार्थ, त्याला रेषा नाही की गाठ नाही, टोक बसेपर्यंत धरायला काहीच नाही. इथं पातं रुतत नाही, टोचतं. वण अगदी बारीक आणि जखम खोल. तारांचंही तसंच. तार खुंटीवर चढवताना तिचं कापलेलं टोक बोटाच्या पेरात घुसतं आणि सुई टोचली तेवढंच वाटतं. तार चढ्या सुरात नेताना चेहरा बाजूला ठेवायचा हा नियम मात्र सगळे पाळतात. पोलादी तार तुटली की तिच्यातला ताण चाबकासारखा सुटतो आणि तो डोळ्याच्या उंचीवर असतो.

ग्राइंडर आता बऱ्याच ठिकाणी आला आहे, दांडीचा जाड भाग झटपट काढायला. त्याबद्दल चाचा फार बोलत नाहीत, मीही थोडक्यात सांगतो. हातानं चालणाऱ्या हत्याराचा उरलेला जोर आपलाच असतो, तो कसा आणि किती याचा अंदाज अंगात मुरतो. यंत्राचा जोर यंत्राचा. चकती लाकडात अडली की यंत्रच उसळून उलटं येतं आणि ते किती जोरात येईल हे मनगटाला सांगता येत नाही. पटाशीची जखम स्वच्छ, तिच्या दोन कडा एकमेकींना भेटतात. चकतीची जखम फाटते. आणि चकतीवरचं आवरण आड येतं म्हणून काढून ठेवायची खोड सगळीकडे आहे.

धाकट्याचं बोट कापलं तेव्हा काय झालं, ते सांगतो. आरडाओरडा नाही. त्यानं उजव्या मुठीत बोट गच्च दाबून हात खांद्याच्या वर नेला आणि तसाच बसून राहिला. हे अगदी बरोबर. दहा मिनिटं न उघडता दाबून धरलं तर बहुतेक कापणं थांबतं, मध्येमध्ये उघडून बघणाऱ्यांचं थांबत नाही. भावानं हळद आणायला उठावं आणि पुतण्यानं झटपट चिकटणारा डिंक शोधावा, हेही झालं. हळदीनं रक्त धरतं असं मानतात, पण ती भरलेली जखम डॉक्टरांना आधी धुवावी लागते. डिंकाची गोष्ट चमत्कारिक आहे. त्याच जातीचं रसायन इस्पितळात कातडी जोडायला वापरतात, पण ते वेगळं बनवलेलं आणि निर्जंतुक असतं. कारखान्यातला डिंक उष्णता सोडतो, पेशी जाळतो आणि आतला लाकडाचा भुगा आतच बंद करून टाकतो.

चाचांनी दोन्ही थांबवलं. दहा मिनिटांनी त्यांनी धाकट्याला म्हटलं, “टोक वाकव.” बाकीचं बोट धरून फक्त पुढचं पेर वाकवायला लावलं. मग मधलं धरून, मग सबंध बोट. मग डोळे मिटायला सांगून पेराच्या दोन्ही बाजूंना काडी टेकवली, लागतंय का विचारलं. हे ते कुठून शिकले असतील ते उघड आहे. मिरज हे इस्पितळांचं गाव आहे. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्र-कर्नाटकातले रोगी इथं येतात. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं एखादं बोट तिथल्या टेबलावर जाऊन आलेलं असतं.

त्या चाचणीत अर्थ आहे. रक्त किती गेलं यावरून बोटाची इजा कळत नाही. बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, हाताच्या आतल्या अंगानं जातात, आणि तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन दोऱ्या एकाच अरुंद नळीतून जातात. तिथं अर्ध्या इंचाच्या, फारसं रक्त न आलेल्या कापानंही दोरी तुटू शकते. तुटलेली टोकं आत ओढली जातात आणि बाहेर टाका घालून कातडी भरून येते, बोट मात्र वाकत नाही. एकेकाळी त्या पट्ट्यात दोरी शिवायला शल्यचिकित्सकही कचरत, कारण शिवलेली दोरी नळीलाच चिकटून बसे. आता शिवतात, पण त्यानंतर काही आठवडे बोट ठरल्याप्रमाणे हळूहळू हलवावं लागतं, आणि उशीर झाला तर काम अवघड होतं. धाकट्याचं पेर वाकलं. काडीही दोन्हीकडे लागली. तरीही दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्याला पाठवलंच, कारण मागचं कधी घेतलं ते घरात कुणालाच आठवेना.

हातमोज्यांचा विषय मी काढला. पात्यानं न कापले जाणारे विणलेले मोजे मिळतात, फक्त डाव्या हाताला घातले तरी पुष्कळ. पात्याचा ओरखडा ते थांबवतात, टोचणारं टोक नाही. आणि फिरत्या यंत्राजवळ कुठलाही मोजा धोक्याचाच, तो अडकून हात ओढला जातो. चाचांची हरकत वेगळी होती. तबलीची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या लाकडी पाटीची, जाडी ते बोटानं टिचकी मारून ठरवतात. कुठं अजून तासायची, कुठं थांबायचं हे टिचकीच्या आवाजापेक्षा बोटाला जाणवणाऱ्या थरथरीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. मोज्यातून ते कळत नाही. कोरीव कामाला मात्र थोरला मुलगा डाव्या अंगठ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतो. पटाशी रबरावर अडते, घसरत नाही. माझ्या मते हा मोज्यापेक्षा शहाणा उपाय आहे आणि तो धाकट्यालाही सक्तीनं घालायला लावायला हवा. चाचांनी मान डोलावली, पण सक्ती करतील असं दिसलं नाही.

कापलेल्या बोटाचा खर्च टाक्यांचा नसतो. दहा माणसांच्या खालच्या अशा घरगुती कारखान्याला कामगार विम्याचं कवच नसतं आणि मजुरी नगावर. डावी तर्जनी बंद म्हणजे कोरीव काम, तारा चढवणं आणि जवारी बंद. जवारी म्हणजे घोडीवर तार टेकते तो पृष्ठभाग कानशीनं केसाकेसानं घासून आवाज उघडायचा, हे काम पट्टी बांधलेल्या बोटानं होत नाही. पॉलिशही नाही, लाख विरघळवलेलं स्पिरिट जखमेला लागतं. मग अशा माणसाचं काय करायचं, याचं गल्लीत ठरलेलं उत्तर आहे. त्याला भोपळे निवडायला पाठवतात. भोपळा उजव्या हाताच्या वाकवलेल्या बोटानं वाजवूनच पारखायचा असतो, डाव्या हातानं फक्त कडेला धरायचं. धाकटा दोन दिवसांनी मंगळवेढ्याच्या गाडीत बसला, पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून आणि चाचांनी दिलेली यादी खिशात घालून: स्त्रियांच्या तंबोऱ्याला लहान गोल चार, पुरुषांच्याला मोठे रुंद सहा, आणि बुडाला डाग असलेला एकही नको.