शाखा कुठे फुटते, कुठे अडते

ग्रंथाला शाखा असतात हे आपल्याला नवे नाही. वेदांच्या शाखा आहेतच. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुखठणकरांनी हस्तलिखितांच्या उत्तरेकडील आणि दाक्षिणात्य अशा दोन परंपरा मांडल्या. मूळ पाठ नेमका कुठे फुटला याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती, त्यामुळे शेकडो पोथ्या ताडून ती जागा अनुमानाने शोधावी लागली.

ही नोंद ठेवण्याचे काम आज ‘गिट’ नावाची संगणकप्रणाली करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिली. तिला मजकुराच्या ओळी समजतात, मग त्या प्रोग्रामच्या असोत की ओवीच्या. ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेल्या ओव्यांचे संकलन मी आणि माझे एक सहकारी तिच्यातच ठेवतो. अशी कामे करणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते : नवी शाखा तयार होत नाही.

या तक्रारीच्या मुळाशी एक गैरसमज आहे. शाखा म्हणजे सगळ्या मजकुराची दुसरी प्रत, असे आपण धरून चालतो. गिटमधली शाखा ही प्रत नव्हे. ती नुसती चिठ्ठी आहे. प्रत्येक नोंदीला ४० अक्षर-अंकांची एक खूण मिळते आणि शाखेच्या चिठ्ठीवर तेवढी एक खूण लिहिलेली असते. हजार पानांच्या संकलनाची शाखा त्यामुळे क्षणात निघते. पण चिठ्ठी चिकटवायला नोंद हवी. नव्या, रिकाम्या संग्रहात एकही नोंद नसताना शाखा मागितली, तर गिट सांगते की मुख्य शाखेचे नावच वैध नाही. माणूस नावाचे स्पेलिंग तपासत बसतो. हवी असते ती पहिली नोंद.

नावातल्या मोकळ्या जागेचेही असेच. ‘नवा पाठ’ असे दोन शब्द सुटे लिहिले, तर ‘नवा’ हे शाखेचे नाव आणि ‘पाठ’ ही ती जिथून फोडायची ती जागा, असा अर्थ गिट लावते आणि ‘पाठ’ सापडत नाही म्हणून कुरकुरते. तिरकी रेघ आणखी फसवी. ‘ओव्या’ नावाची शाखा आधीच असेल तर ‘ओव्या/सासर’ ही शाखा निघत नाही, कारण पहिली ही कागदासारखी आहे आणि दुसरीला त्याच नावाचा कप्पा लागतो. एकाच नावाने दोन्ही नांदत नाहीत.

हे अडथळे निदान बोलून दाखवतात. न बोलणारे जास्त महाग पडतात. शाखा तयार करण्याच्या साध्या आज्ञेने शाखा तयार होते, पण आपण तिच्यावर जात नाही. आपण मुख्य शाखेवरच उभे असतो आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्या तिथेच नोंदल्या जातात. शिवाय नवी शाखा आपण उभे असू तिथूनच फुटते. दुसऱ्या कोणाच्या अर्धवट शाखेवर उभे राहून आज्ञा दिली, तर त्याचे कच्चे पाठही आपल्या मागे येतात. म्हणून आधी आपण कुठे आहोत हे विचारावे, मग ‘शाखा काढ आणि तिच्यावर जा’ अशी एकत्रित आज्ञा द्यावी.

मराठीपुरती एक अडचण वेगळीच आहे. गिटला देवनागरी नावे चालतात. पण ‘साताऱ्याच्या’ या शब्दातला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. गिटच्या लेखी ती दोन नावे. आमच्याकडे ‘साताऱ्याच्या-ओव्या’ नावाच्या दोन शाखा एकाखाली एक दिसत होत्या. एक माझ्या कळफलकावरची, दुसरी सहकाऱ्यांच्या. खुणा ताडल्यावरच त्या वेगळ्या असल्याचे कळले. शाखांची नावे आम्ही आता रोमन अक्षरांत आणि अंकांतच ठेवतो.

मजकुरात मात्र तशी पळवाट नाही. एकाच ओवीतला ‘ऱ’ दोघांनी दोन तऱ्हांनी टंकला, तर शाखा एकत्र करताना गिट ती ओळ बदललेली दाखवते. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण नोंदीत पाठभेद पडतो. ओवी गाणारी बाई तर एकच शब्द बोललेली असते. खऱ्या पाठभेदांच्या गर्दीत असे खोटे भेद मिसळले, की पुढच्या अभ्यासकाला ते निवडून काढणे फार जड जाते. तेव्हा ‘ऱ’ कोणत्या तऱ्हेने लिहायचा हे ठरवून सारा मजकूर आधी एकसारखा करून घ्यावा, आणि मगच पहिली नोंद करावी.