‘प्रस्रंसिनी’ आणि ‘अंग बाहेर येणें’

जुन्या वैद्यकी बाडांत बाळंतिणीच्या उपचारांचीं पानें पुष्कळदां आढळतात. संग्राहक तीं किरकोळ समजून, किंवा संकोचानें, बाजूस ठेवितात. तीं कशीं वाचावीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

मराठींत ‘अंग बाहेर येणें’ हा प्रयोग गर्भाशय खालीं उतरणें व गुदभ्रंश या दोहोंसही लावितात. म्हणून प्रथम संदर्भ पाहावा. गर्भाशयाविषयीं असल्यास सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील ३८ वा अध्याय जवळ घ्यावा. तेथें वीस योनिव्यापदांत ‘प्रस्रंसिनी’ गणिली आहे. तूप माखावें, दुधानें शेकावें, अंग आंत बसवावें, वेशवारानें झांकून बंध बांधावा, असा उपचारक्रम आहे. चरकाच्या शारीरस्थानांत (अध्याय ८) सूतिकेच्या पोटास तूप व तेल लावून तें मोठ्या वस्त्रानें वेष्टावयास सांगितलें आहे. अवकाश न उरल्यानें वायु विकार करीत नाहीं, हें त्याचें कारण. आपल्याकडील पोट बांधण्याची चाल याच्याशीं जुळते. पहिला बंध रोगाचा, दुसरा सर्व सूतिकांचा. हा भेद वाचकानें विसरूं नये.

आजचें शास्त्र सांगतें तें असें. प्रसूतींत कटीच्या तळाचे स्नायु व बंध ताणले जातात. त्यामुळें गर्भाशय किंवा मूत्राशय खालीं सरकतें, खोकतांना लघवी सुटते. नुसतें पोट आवळल्यानें या तळास बळ येत नाहीं. तें त्याच स्नायूंच्या व्यायामानें येतें. लघवी रोखतांना जे स्नायु आवळतात ते आवळावे, मग ढिले सोडावे, आणि हें नित्य कांहीं महिने करावें. अमेरिकेंतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं हा व्यायाम प्रसिद्ध केला. अंग फार उतरल्यास शस्त्रक्रिया लागते. गोमंतकांत १८९९ सालीं जन्मलेले मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं गर्भाशय न काढतां तें पट्टीच्या आधारें वर धरण्याची पद्धति बसविली. पुढें अपत्य हवें असणाऱ्या स्त्रियांस तिचा उपयोग झाला.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत कोंकण-देशावरून आलेल्या कुटुंबांच्या पेट्यांतून अशीं बाडें निघण्याचा संभव आहे. त्यांतील हीं पानें फाडूं वा वगळूं नयेत. मूळ शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा. औषधें मात्र घरीं करून पाहूं नयेत. तें काम वैद्यांचें. प्राचीनांनीं हें दुखणें नांव देऊन उघड लिहिलें. आज घरोघरीं तें लाजेस्तव लपविलें जातें. ज्यास नांव आहे त्यास उपायही आहे, एवढें या पानांवरून घरच्या स्त्रियांस कळलें, तर आमच्या मतें संग्रहाचें सार्थक झालें.