अपरिचित देशीं एकटें जातांना

गेल्या वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी संध्याकाळच्या सुमारास आमच्या घरीं आली. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें यंत्रशास्त्राच्या पुढील अध्ययनासाठीं तिला प्रवेश मिळाला होता, व्हिसा हातीं आला होता, आणि निघावयास अवघे नऊ दिवस उरले होते. आम्ही तिचें अभिनंदन करणार, तोंच ती म्हणाली, "सर, मी जाऊं नये असें मला वाटूं लागलें आहे. रात्रीं झोंप येत नाहीं. ताटावर बसलें कीं मळमळतें. आईला सांगितलें तर तीच रडूं लागेल, म्हणून तुमच्याकडे आलें."

प्रथम आम्हीं तिला जें उत्तर दिलें तें शिक्षकांचें ठरीव उत्तर होतें. धीर धर, तुझ्यासारख्या हुशार मुलीनें भ्यावें काय, वगैरे. तिच्या मुद्रेवरून तें उत्तर कुचकामाचें ठरलें हें आम्हांस तत्काळ कळून चुकलें. भ्यालेल्या माणसास भिऊं नको म्हणणें म्हणजे भिजलेल्यास कोरडा हो म्हणण्यासारखें आहे. तेव्हां ही भीति म्हणजे वस्तुतः आहे तरी काय, हें दोघांनीं मिळून पाहण्याचें आम्हीं ठरविलें. त्या दिवशीं जें बोलणें झालें तेंच येथें विद्यार्थ्यांपुढें थोडें विस्तारानें ठेवीत आहों, कारण हल्लीं आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं पुष्कळ मुलें परदेशीं जातात, आणि त्यांपैकीं बहुतेकांस हा अनुभव येतो असें आम्हीं पाहिलें आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एक एक लहानशी ग्रंथि असते. मनास धोक्याची चाहूल लागली कीं या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. हृदय जोरानें धडधडूं लागतें, श्वास जलद होतो, तोंडास कोरड पडते, आणि रक्ताचा ओघ पोटाकडून स्नायूंकडे वळतो. पचनाचें काम त्यामुळें मंदावतें. ताटावर बसल्यावर मळमळण्याचें कारण तें हें. हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानें इ. स. १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या फेरफारांचें विवरण केलें आहे. लढणें अथवा पळणें यांपैकीं जें करावें लागेल त्यासाठीं शरीर अशी सिद्धता करितें, असा त्याचा अभिप्राय. वाघ समोर असेल तर ही सिद्धता उपयोगी पडते. परंतु नऊ दिवसांनंतर निघणाऱ्या विमानाशीं आज लढतां येत नाहीं, कीं त्यापासून पळतांही येत नाहीं. म्हणून ती शक्ति आंतल्या आंत घुसमटते व झोंप उडविते. प्रवासापूर्वींचे दिवस प्रत्यक्ष प्रवासाहून अधिक कठीण जातात ते याच कारणानें. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, कीं क्रीडांगणावर उतरण्यापूर्वीं उत्सुकतेनें होणारी धडधड व ही धडधड यांत शरीराच्या दृष्टीनें फारसा भेद नाहीं. तिला नांव कोणतें द्यावयाचें हें कांहीं अंशीं आपल्या हातीं असतें.

पण नुसतें नांव बदलून सर्वच भागतें असें आम्हांस वाटत नाहीं. भीतीचा कांहीं भाग निराधार असतो, तसा कांहीं भाग अगदीं साधारही असतो. तो वेगळा कसा काढावा? येथें आम्हीं तिला आनंदीबाई जोशी यांची आठवण करून दिली. इ. स. १८८३ च्या फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूर येथें भर सभेंत त्यांनीं इंग्रजींतून भाषण केलें. तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. लोक त्यांस जे प्रश्न विचारून हैराण करीत, तेच त्यांनीं एकामागून एक मांडले: अमेरिकेसच कां जातां? एकट्याच कां? परत आल्यावर लोक वाळींत टाकणार नाहींत काय? परक्या देशांत संकट ओढवलें तर काय कराल? प्रत्येकाचें उत्तर त्यांनीं शांतपणें दिलें. एप्रिलमध्यें कलकत्त्याहून त्यांची आगबोट सुटली. पति गोपाळराव मागेंच राहिले. जूनमध्यें त्या न्यू यॉर्कला पोहोंचल्या, आणि इ. स. १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर होऊन बाहेर पडल्या. आम्हांस विशेष वाटतें तें हें, कीं संकटाचा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. तो स्वतःच वाचून दाखविला.

मग आम्हीं तिच्यापुढें कागद ठेविला व म्हटलें, "तुझे प्रश्न लिही." तिनें चौदा लिहिले. त्यांतले नऊ असे निघाले, कीं त्यांचें उत्तर त्याच बैठकींत मिळालें. पासपोर्ट हरवला तर? त्याच्या दोन छायाप्रती काढून एक सामानांत व एक घरीं ठेवावी. आजार झाला तर? जर्मनींत रुग्णवाहिका व अग्निशामक दल यांसाठीं ११२ व पोलिसांसाठीं ११० हे क्रमांक आहेत. पहिला तर युरोपीय संघाच्या सर्व देशांत चालतो. मोबाइल बंद पडला तर? पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून खिशांत असावा. आईशीं केव्हां बोलावें? तेथील घड्याळ उन्हाळ्यांत आपल्याहून साडेतीन तास मागें असतें आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. म्हणजे तिची संध्याकाळ ही आईची रात्र. विमानतळावरील अधिकारी कोठें राहणार, काय शिकणार, पैशाची सोय काय, हें विचारतो, तें संशय आला म्हणून नव्हे. तें त्याचें कामच आहे. तिकिटाचा प्रश्न मात्र आम्हांसच नवा होता. तेथील कांहीं शहरांत ट्रॅमचें तिकीट घेतल्यावर त्यावर यंत्राचा शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीं तर तें असून नसल्यासारखें.

उरलेल्या पांच प्रश्नांना उत्तर नव्हतें. त्यांतला एक असा होता: "लोक मला हंसले तर?"

हंसतीलही. गांधीजी इ. स. १८८८ च्या सप्टेंबरमध्यें मुंबईहून विलायतेस निघाले तेव्हां अठरा वर्षांचे होते. इंग्रजी वाक्य मनांत जुळविल्यावांचून त्यांच्यानें बोलवत नसे. जेवणांतल्या कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा धीर होईना, म्हणून घरून आणलेली मिठाई व फळें खाऊन ते खोलींतच राहात. उतरतांना त्यांनीं पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख चढविला, आणि पाहातात तों तसा पोशाख केलेले ते एकटेच! सामान एका एजंटाच्या ताब्यांत गेलेलें, आणि दुसरा दिवस रविवारचा, त्यामुळें कपडे बदलण्याचीही सोय उरली नाहीं. पुढें कित्येक रात्रीं घरच्या आठवणीनें त्यांच्या डोळ्यांस धार लागे. हें सर्व त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत न लाजतां लिहून ठेविलें आहे. कॅलर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानें इ. स. १९५४ मध्यें रिओ दि जानेरो येथील एका व्याख्यानांत या अवस्थेची मीमांसा केली. केव्हां हात पुढें करावा, केव्हां होकार व केव्हां नकार द्यावा, कोणाचें बोलणें खरें मानावें, अशा शेंकडों बारीक खुणांवर आपला रोजचा व्यवहार चालतो. त्या एकदम नाहींशा झाल्या कीं शहाणा माणूसही बावरतो. आणि जशा त्या खुणा नव्यानें शिकल्या जातात, तसतसें बावरणें ओसरतें.

तिनें हें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सर, तुम्ही कधीं गेलां होतां?"

आम्ही गेलों नाहीं. आम्ही पंचविशींत असतांना अध्यापनशास्त्राच्या एका वर्षाच्या अध्ययनासाठीं परदेशीं जाण्याची संधी आली होती. खर्चाचाही भार नव्हता. आम्हीं वडिलांच्या प्रकृतीचें कारण पुढें केलें. वडील त्या काळीं रोज दोन मैल फिरावयास जात असत. खरें कारण काय होतें तें आम्हीं घरांतही कोणास सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं ओसरीवर तें तिला सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं; कागदाची घडी घालून ती उठली.

नऊ दिवसांनीं ती गेली. आईस बरोबर घेऊन आम्हीही मुंबईच्या विमानतळापर्यंत गेलों होतों. दारापाशीं तिचे हात थंडगार पडले होते, आणि आंत जातांना तिनें एकदांच मागें वळून पाहिलें.

पुढें पंधरा दिवसांनीं तिचा लांबलचक मजकूर मोबाइलवर आला. अधिकाऱ्यानें दोनच प्रश्न विचारले. पुढची आगगाडी सांपडली. चौदांपैकीं एकही संकट आलें नाहीं. आलें तें पंधरावें. तेथें रविवारीं दुकानें कायद्यानें बंद असतात. हें ठाऊक नसल्यामुळें पहिल्याच रविवारीं तिच्याजवळ अर्धा पाव आणि आईनें दिलेली शेंगदाण्याची चटणी एवढेंच होतें. ती दुपारभर रडली. संध्याकाळीं शेजारच्या खोलींतील मुलीनें रडणें ऐकून दार ठोठावलें व चार अंडीं आणून दिलीं. तिनें चटणी पुढें केली. भाषा धड दोघींनाही येत नव्हती.

आतां तांदूळ शनिवारींच आणून ठेवतें, असें तिनें शेवटीं लिहिलें आहे. बरोबर चटणीचा आणखी एक डबा मागितला आहे, पण तो त्या शेजारणीसाठीं.