एक पेर पाणी

स्वयंपाकाविषयी बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे माझ्या घरी कुणी विचारले तर मला खाली मान घालावी लागेल. अठरा वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघरात गेलो तो चहा करण्यापुरता. पण गेल्या श्रावणात पत्नीला तापाने गाठले. डॉक्टर म्हणाले, "हलकं काहीतरी द्या. मऊ भात, साधं वरण." आणि महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ शेगडीपुढे जाऊन उभा राहिला.

"पाणी किती घालू गं?" मी विचारले.

"तांदळावर एक पेर," ती डोळे न उघडताच म्हणाली.

म्हणजे धुतलेल्या तांदळावर बोट टेकवायचे आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत येऊ द्यायचे. मी हाताला लागले ते सर्वांत मोठे पातेले घेतले, बोट बुडवून पेर मोजले आणि निर्धास्त झालो. अर्ध्या तासाने पाहतो तो भात नव्हे, पेज! ती आटवावी म्हणून गॅस मोठा केला, तेव्हा तळ करपला आणि घरभर वास सुटला. शेजारच्या शेगडीवर तूरडाळ होती. चव यावी म्हणून तिच्यात मी आरंभीच चार आमसुले टाकून ठेवली होती. दीड तास झाला तरी डाळ शिजायचे नाव घेईना. त्या रात्री पत्नी कपभर दूध पिऊन झोपली. तापातल्या माणसाला आपल्याला वाटीभर भातसुद्धा देता येऊ नये, या विचाराने मला मात्र झोप आली नाही.

आता काय चुकले ते क्रमाने पाहू.

पहिली चूक पातेल्याची. 'एक पेर' हे माप खोटे नाही, पण ते रोजच्या पातेल्याचे माप आहे. पातेले रुंद झाले की त्याच पेरात कितीतरी जास्त पाणी मावते. म्हणून नवशिक्याने बोटावर न जाता वाटीवर जावे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, आणि मऊ भात हवा असेल तर तीन. तांदूळ धुऊन पंधरा-वीस मिनिटे भिजवले तर पाणी दाण्याच्या आतपर्यंत पोचते आणि भात सारखा शिजतो.

दुसरी चूक आचेची. पाणी एकदा उकळू लागले की त्याची उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते. खाली जाळ कितीही वाढवा, ती पुढे सरकत नाही. मोठ्या आचेने पाणी लवकर उडून जाते आणि तळ जळतो, एवढेच. उकळी येईपर्यंत आच मोठी ठेवावी, नंतर बारीक करून झाकण ठेवावे.

तिसरी चूक आमसुलांची. आंबट पदार्थ डाळीच्या दाण्याची बांधणी घट्ट राखतो, ती सुटू देत नाही. म्हणून चिंच असो, आमसूल असो वा टोमॅटो, डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा.

दुसऱ्या दिवशी मी कुकर काढला. त्याच्या शिट्टीचे मला भय होते, पण तत्त्व सोपे आहे. वाफ कोंडली गेल्यामुळे आत दाब वाढतो, पाणी एकशेवीस अंशांच्या जवळपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी, खालच्या भांड्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग. वरच्या भांड्यात तांदूळ. तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बारीक करून पाच मिनिटे ठेवला आणि मग बंद केला. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे विसरू नये. नंतर डाळ घोटली, थोडे गरम पाणी, मीठ आणि गुळाचा लहान खडा घालून एक उकळी आणली. झाले साधे वरण!

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक 1970 साली निघाले आणि त्यातील वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवशिक्यांना आधार दिला. त्याचे रहस्य मला त्या दिवशी उमगले. जाणत्या माणसाच्या हाताला जे ठाऊक असते, ते त्याच्या तोंडी येतेच असे नाही. पत्नीने मला पेर सांगितले, पातेले सांगितले नाही. कारण तिच्या लेखी ते निराळे सांगण्याजोगे नव्हतेच. मीही वर्गात 'हे उघडच आहे' असे म्हणून कितीदा पुढे जातो! मागच्या बाकावरच्या मुलांचा भात तिथेच करपत असला पाहिजे.

वरण-भातावर साजूक तूप घालून मी ताट पत्नीपुढे ठेवले. तिने पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"अहो, मीठ कमी आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "अजून थोडा भात वाढता का?"